आधी थंडीचा हिशेब, मग आरशाचा व्यास

प्रति,
पुढची मोठी अवरक्त अवकाश दुर्बीण आखणारे शास्त्रज्ञ व अभियंते,
तसेच तिच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या सर्व समित्या

विषय : आरशाचा आकार ठरवण्याआधी चाचणीचा आराखडा ठरवण्याबाबत

सा. न. वि. वि.

मोठ्या दुर्बिणीची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, आरसा केवढा? बातमी त्याच आकड्याची होते, निधी मागतानाही तोच आकडा पुढे केला जातो. अवरक्त दुर्बिणीच्या बाबतीत तुम्ही हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र. आरसा किती थंड ठेवायचा ते आधी ठरवा. तेवढ्या थंडीत तो जमिनीवर कसा तपासणार, ते लिहून काढा. व्यास त्यानंतर ठरू द्या. मी दुर्बिणी बांधणाऱ्यांपैकी नाही. भौतिकशास्त्र शिकवतो आणि या दुर्बिणींनी पाठवलेली निरीक्षणे वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. जेम्स वेब दुर्बीण कशी घडली, कुठे अडली, याचे अहवाल आता सगळ्यांसाठी खुले आहेत. ते वाचताना जे पुन्हा पुन्हा जाणवले तेच इथे मांडतो आहे. पुढच्या दुर्बिणीचे पहिले निर्णय तुमच्या हातात आहेत, आणि असे निर्णय एकदा झाले की पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांच्यासोबत काढावी लागतात.

थंडीपासून सुरुवात का करायची? प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार प्रारण सोडत असते. साध्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे २९० केल्विनच्या आसपास (केल्विनचे शून्य म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस), आरशाचे स्वतःचे प्रारण १० मायक्रॉन तरंगलांबीजवळ सर्वांत तीव्र असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ताऱ्याभोवतीची कोमट धूळ पाहायची तर पाहायचे असते नेमके याच पट्ट्यात. आरसा ४० केल्विनपर्यंत उतरला की त्याच्या प्रारणाचे शिखर ७० मायक्रॉनच्या पलीकडे जाते. वेबला २८ मायक्रॉनपर्यंत पाहता येते ते त्यामुळेच. १०० किंवा २०० मायक्रॉनवरचे मंद स्रोत टिपायचे असतील तर मात्र ४० केल्विनही भलताच गरम. तिथे आरसा ४-५ केल्विनपर्यंत न्यावा लागतो.

हर्शेल दुर्बिणीचे उदाहरण मला या बाबतीत फार बोलके वाटते. २००९ साली युरोपीय अवकाश संस्थेने ती सोडली. सिलिकॉन कार्बाइडचा तिचा आरसा ३.५ मीटरचा होता, वेब जाईपर्यंत अवकाशातल्या खगोलीय दुर्बिणींतला सर्वांत मोठा. तिची उपकरणे द्रव हेलियमने कमालीची थंड केलेली होती, पण आरसा होता ८५ केल्विनच्या आसपास. परिणामी तिच्या संवेदकांवर पडणाऱ्या प्रारणातला बहुतांश भाग तिच्या स्वतःच्या आरशाचाच असे. आज ‘प्रिमा’ नावाच्या प्रस्तावात जेमतेम १.८ मीटरचा आरसा मांडलेला आहे. तो ४.५ केल्विनवर ठेवायचा आहे, आणि मंद स्रोतांच्या बाबतीत ती हर्शेलला कितीतरी मागे टाकील असा तिच्या संघाचा हिशेब आहे. निम्म्या व्यासाच्या आरशात ही ताकद येते ती थंडीतून आणि त्या थंडीचा फायदा उचलू शकणाऱ्या संवेदकांतून. बारकावे टिपायला व्यास लागतोच, तो नाकारण्याचे कारण नाही. १०० मायक्रॉनवर हर्शेलला सुमारे ७ कोनीय सेकंदांपेक्षा (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) बारीक काही वेगळे करता येत नव्हते, आणि लहान आरशाला तेही जमणार नाही. पण मोठा आणि गरम की लहान आणि थंड, हा प्रश्न पहिल्या बैठकीत मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे.

थंडी मिळवण्याचा जुना मार्ग हेलियमच्या टाकीचा. १९८३ साली आयरास या उपग्रहाने ५७ सेंटिमीटरचा आरसा अशा टाकीत बसवून नेला आणि दहा महिन्यांत जवळजवळ संपूर्ण आकाश धुंडाळले. हेलियम संपले आणि काम थांबले. हेलियमची टाकी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक दुर्बिणीचे आयुष्य असे आधीच मोजलेले असते. स्पिट्झर दुर्बिणीच्या वेळी वेगळा विचार झाला : दुर्बीण टाकीच्या बाहेर ठेवायची, गरम अवस्थेतच सोडायची आणि तिची उष्णता अवकाशाच्या काळोखात विरून जाऊ द्यायची. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक लो यांचा या कल्पनेत मोठा वाटा होता. टिम हॉवर्डन यांनीही अशाच, टाकीविना थंड होणाऱ्या मोठ्या दुर्बिणीचा पाठपुरावा केला. त्यांची ‘एडिसन’ कधी बांधली गेली नाही, तरी तिच्यामागचा विचार वेबपर्यंत पोहोचला. स्पिट्झरने २००३ साली सुमारे ३६० लिटर हेलियम नेले आणि ते साडेपाच वर्षांहून अधिक पुरवले. हर्शेलला २,३०० लिटरहून अधिक हेलियम लागले, तेही एप्रिल २०१३मध्ये संपले.

वेबने टाकीच सोडून दिली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिन्ही एकाच बाजूला राहतील अशा जागी ती ठेवली आणि त्यांच्या दिशेला पाच थरांचे सूर्यकवच धरले. सुमारे २१ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या कॅप्टॉन या प्लास्टिकचे, केसासारखे पातळ थर. त्यावर पडणारी २०० किलोवॅटची सौर ऊर्जा पलीकडे पोहोचेपर्यंत एका वॅटच्याही आत येते. एका बाजूला सुमारे ८५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या बाजूला उणे २३३. फक्त मध्यम अवरक्त उपकरणाला ७ केल्विनच्या खाली ठेवण्यासाठी हेलियमवर चालणारे शीतकरण यंत्र आहे, आणि त्यात हेलियम बंद नळ्यांतून फिरत राहत असल्याने ते संपत नाही. योजना देखणी आहे. पण टाकीची अडचण गेली तिथे घड्यांची अडचण आली. रॉकेटच्या टोकात न मावणारे कवच घडी घालून न्यायचे, तर ते उलगडायला हवे. ते उलगडेपर्यंत जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या १०७ खिट्या सुटायला हव्यात, आणि एकही अडून चालणार नाही. एक बिघाड झाला तर अख्खी मोहीम गमावण्याची भीती, अशा जागा वेबमध्ये ३४४ होत्या. त्यांतल्या बहुतेक उलगडण्याशीच जोडलेल्या होत्या.

आता आरसा. इथे थोडे रेंगाळतो, कारण तपासणी आणि घडण यांच्यात भिंत उभी करता येत नाही हे या आरशाइतके स्वच्छपणे कुठेच दिसत नाही. १८ षट्कोनी तुकडे, प्रत्येक १.३२ मीटरचा, बेरिलियमचा. धातू हलका, ताठ, आणि ८० केल्विनच्या खाली तापमान थोडे वरखाली झाले तरी त्याचा आकार जवळपास हलत नाही. मात्र खोलीच्या तापमानापासून तिथवर पोहोचेपर्यंत तो नक्कीच आकसतो, वाकतो, आणि प्रत्येक तुकडा आपल्या पद्धतीने वाकतो. मग केले काय? कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला तुकडा घासून नेमका आकार आणला. तो अलाबामातल्या हंट्सव्हिलला नासाच्या मार्शल केंद्रात नेऊन अतिथंड निर्वात कक्षात ठेवला आणि थंडीत त्याच्या पृष्ठभागावर कुठे किती उंचवटा येतो, कुठे किती खळगा पडतो, याचा नकाशा काढला. तुकडा परत रिचमंडला गेला, आणि तिथे त्या नकाशाच्या बरोबर उलटा आकार त्यावर घासला गेला. म्हणजे वेबचा प्रत्येक आरसा जमिनीवर, उबेत, जाणूनबुजून चुकीच्या आकाराचा आहे. तो बरोबर होतो ४० केल्विनला. पृष्ठभागाची अचूकता सुमारे २० नॅनोमीटर. थंड कक्ष, नेण्याआणण्याचा वेळ आणि मोजमापाची यंत्रणा आधीच हाताशी नसती तर हे आरसे घडलेच नसते. चाचणी ही शेवटी लावायची मोहोर आहे असे समजून कोणी वेळापत्रक मांडत असेल तर त्याने हा प्रवास एकदा नकाशावर काढून पाहावा.

मोजमापाबद्दल एवढी काळजी घेण्यामागे जुनी जखम आहे. हबलचा आरसा फार सुबक घासलेला होता, पण चुकीच्या आकाराला. कडेला सुमारे २ मायक्रॉनचा फरक पडला, कारण तो मोजणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते. वाकड्या पट्टीने आखलेली रेघ त्याच पट्टीने तपासली तर ती सरळच दिसणार. दुसऱ्या, साध्या उपकरणाने विसंगती दाखवली होती. तिच्यापेक्षा पहिल्या उपकरणावर अधिक विश्वास ठेवला गेला. १९९० साली हबल अवकाशात गेल्यावर ते उघड झाले आणि १९९३ साली अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. वेबपर्यंत दुरुस्तीला कोणी जाणार नव्हते. म्हणून तिच्या आरशाची एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पद्धतींनी उलटतपासणी झाली. पुढच्या दुर्बिणीत ही दुसरी, स्वतंत्र पट्टी कोणती असेल? हा प्रश्न आरशाची मागणी नोंदवण्याआधी विचारायचा असतो.

संवेदकांचाही एक धडा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. वेबच्या निकट-अवरक्त उपकरणांसाठी पारा, कॅडमियम आणि टेलुरियम यांच्या संयुगाचे संवेदक वेळेत तयार करून ठेवले होते. २०१०च्या सुमारास लक्षात आले की त्यांतल्या बिघडलेल्या पिक्सेलची संख्या वाढते आहे. अवकाशातल्या किरणांनी नव्हे, साठवणीत असताना. मूळ रचनेतच दोष होता. रचना सुधारून नवे संवेदक घडवावे लागले. जी वस्तू एकदा तपासून कपाटात ठेवली ती कपाटातून काढताना तशीच असेल, हे गृहीत धरता येत नाही. मोहीम लांबते तेव्हा हे प्रकर्षाने भोवते, आणि मोठ्या मोहिमा लांबतातच. म्हणून चाचण्यांच्या आराखड्यात पुनर्तपासणीला जागा हवी, तिला लागणारी माणसे हवीत आणि हाताशी सुटे संवेदक हवेत.

आता सर्वांत मोठ्या चाचणीकडे येतो. ह्यूस्टनच्या जॉन्सन केंद्रातला ‘चेंबर ए’ हा अपोलोच्या काळातला अवाढव्य निर्वात कक्ष. वेबसाठी त्याच्या आत हेलियमने थंड होणारे नवे आवरण बसवले गेले. २०१७च्या उन्हाळ्यात आरसा आणि चारही उपकरणे जोडलेली दुर्बीण त्यात गेली आणि सुमारे शंभर दिवस थंडीत राहिली. याच काळात हार्वे वादळाने ह्यूस्टन पाण्याखाली घातले. माणसे कक्षाजवळच मुक्काम करून राहिली, चाचणी चालू राहिली. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अठरा तुकडे थंडीत एका आरशासारखे जुळवता येतात, प्रकाश सगळ्या उपकरणांपर्यंत नीट पोहोचतो, याची खात्री तिथे झाली. पण त्या कक्षात वेब जेमतेम मावली. सूर्यकवच मावणे शक्यच नव्हते. कवच किती थंडी देईल हे एक तृतीयांश आकाराच्या नमुन्यावर आणि संगणकावरच्या प्रतिकृतीत पडताळले गेले. कवच, आरसा, उपकरणे आणि यान असे सगळे एकत्र, उलगडलेल्या अवस्थेत, थंड निर्वातात पहिल्यांदा तपासले गेले ते अवकाशातच, जानेवारी २०२२मध्ये. ते यशस्वी झाले. त्यामागचे गणित आणि त्या गणिताची तुकड्या-तुकड्यांनी केलेली पडताळणी पक्की होती म्हणून झाले.

वेबपेक्षा मोठी दुर्बीण आखताना नेमकी हीच अडचण वाढणार आहे. तिला मावेल असा थंड कक्ष कोठे आहे? नसेल तर तो बांधण्याचा खर्च दुर्बिणीच्या खर्चात धरला आहे का? कक्ष बांधायचाच नसेल तर कोणते भाग सुटे तपासायचे, आणि जोडल्यावर काय बदलते याचा अंदाज कशावर बांधायचा? जोडणीत काय काय बदलते याचे आकडे वेबने ठेवलेले आहेत. उपकरणांना धरून ठेवणारा कार्बन फायबरचा सांगाडा २७ केल्विनपर्यंत थंड केल्यावर सुमारे १७० मायक्रॉनने आकसला. आधी केलेले गणित खरे ठरले आणि मर्यादेच्या आतच राहिले, हे समजायला तो सांगाडा प्रत्यक्ष थंड करावाच लागला.

आता पैशांविषयी, आणि हे विशेषतः मंजुरी देणाऱ्यांसाठी. १९९०च्या दशकात या दुर्बिणीसाठी ५० कोटी ते १ अब्ज डॉलर असे अंदाज होते आणि उड्डाण २००७ साली व्हायचे होते. शेवटी सुमारे १० अब्ज डॉलर लागले आणि उड्डाण झाले २५ डिसेंबर २०२१ रोजी. पुष्कळ लोक याचा अर्थ असा लावतात की तंत्रज्ञान आवाक्याबाहेरचे होते. अहवाल वेगळे सांगतात. बेरिलियमचे आरसे, सूर्यकवच, संवेदक, शीतकरण यंत्र ही मुख्य नवी तंत्रे २००७च्या सुरुवातीलाच पुरेशी पक्व झाल्याचा स्वतंत्र निर्वाळा मिळाला होता. हे काम आधी केले हे वेबच्या आखणीचे मोठेपण आहे. २०१० साली जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तांत्रिक कामाची स्तुती केली आणि बोट ठेवले ते अंदाजपत्रकावर : ते प्रत्यक्ष कामावर बेतलेले नव्हते, आणि अडचण आली तर वापरायला राखीव निधी पुरेसा नव्हता. राखीव निधी नसला की आजची अडचण पुढच्या वर्षावर ढकलली जाते आणि तिथे ती दुप्पट होऊन उभी राहते. पुढच्याच वर्षी, जुलै २०११मध्ये, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीने दुर्बीण रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला. आरसे तोवर जवळपास तयार होते.

२०१८ सालचा टॉम यंग यांच्या समितीचा अहवाल तर प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने वाचावा असा आहे. इंधनाच्या झडपा साफ करताना चुकीचे द्रावण वापरले गेले आणि झडपा खराब झाल्या. तारा चुकीच्या जोडल्यामुळे काही संवेदी भागांवर जास्त विद्युतदाब आला. आवाजाच्या चाचणीनंतर सूर्यकवचाच्या आच्छादनाचे स्क्रू सुटून पडलेले आढळले आणि ते एकेक करून शोधावे लागले. त्याआधी उलगडण्याच्या सरावात कवचाच्या थरांना चिरा पडल्या होत्या, केबली सैल पडून अडकण्याचा धोका दिसला होता. यांतल्या मानवी चुकांनी मिळून सुमारे दीड वर्ष आणि ६० कोटी डॉलर खाल्ले असे समितीचे म्हणणे. काम करणाऱ्यांना यासाठी बोल लावावा असे मला वाटत नाही. एक चूक आणि पुढची पायरी यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाची नजर असावी लागते, आणि वेळ संपत आला की सर्वांत आधी तीच नजर काढून घेतली जाते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : स्क्रू जमिनीवर पडले कारण आवाजाची चाचणी केली होती. चाचणीने मोहीम लांबवली असे त्या वर्षी पुष्कळ लिहिले गेले. त्या चाचणीने मोहीम वाचवली, असे लिहायला हवे होते.

या सगळ्याचा जो निष्कर्ष काढला जाण्याची मला सर्वाधिक भीती वाटते तो असा : वेब महाग पडली, म्हणून आता अतिथंड दुर्बिणींचा नाद नको. तसे घडलेलेही आहे. युरोप आणि जपान यांची ‘स्पिका’ ही २.५ मीटरची, ८ केल्विनच्या खाली ठेवायची दुर्बीण ऑक्टोबर २०२०मध्ये आर्थिक कारणाने रद्द झाली. विमानातून निरीक्षण करणारी ‘सोफिया’ सप्टेंबर २०२२मध्ये थांबली. वेबची नजर २८ मायक्रॉनवर संपते आणि चिलीतल्या ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बीणसमूहाची सुमारे ३०० मायक्रॉनवर सुरू होते. फुग्यांवरच्या थोड्या दिवसांच्या मोहिमा सोडल्या तर मधल्या पट्ट्यात आज कोणीही पाहत नाही. आणि हा पट्टा आडबाजूचा नाही. विश्वातल्या ताऱ्यांनी आजवर सोडलेल्या प्रकाशापैकी जवळपास निम्मा धुळीने गिळून दूर-अवरक्तात, म्हणजे मुख्यतः याच पट्ट्यात, परत टाकलेला आहे. तारे जिथे जन्मतात ते ढग ज्या वर्णरेषांतून, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या प्रारणातून, थंड होतात, त्यांतली कार्बनची १५८ मायक्रॉनची आणि ऑक्सिजनची ६३ मायक्रॉनची, दोन्ही इथल्याच.

एकच उदाहरण देतो. ग्रह घडत असलेल्या चकतीचे वजन करायचे तर तिच्यातला हायड्रोजन मोजायला हवा, पण थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ मूकच असतो. त्याचा जड भाऊ, हायड्रोजन ड्युटेराइड, ११२ मायक्रॉनवर बोलतो. हर्शेलने वासुकी तारकासमूहातल्या टीडब्ल्यू हायड्रे या ताऱ्याभोवती ही रेषा टिपली, आणि २०१३ साली कळले की तिथल्या चकतीत गुरूसारखे निदान पन्नास ग्रह घडतील एवढे द्रव्य आहे. त्याच वर्षी हर्शेलचे हेलियम संपले. त्यानंतर अशा चकत्यांचे या पद्धतीने वजन करणारे साधन कोणाकडेही नाही. ग्रह कसे जमतात हे शिकवताना मी विद्यार्थ्यांना या रेषेचा आलेख दाखवतो आणि पुढचा आलेख माझ्याकडे नसतो.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या २०२१च्या दशवार्षिक अहवालाने सुमारे ६ मीटरच्या, अवरक्त ते अतिनील पाहणाऱ्या दुर्बिणीची शिफारस केली, खर्चाचा अंदाज ११ अब्ज डॉलर. तिचा मुख्य रोख पृथ्वीसारखे ग्रह शोधण्यावर आहे आणि तो योग्यच आहे. ताऱ्याच्या एक दशअब्जांश उजेडाचा ग्रह पाहायचा तर प्रकाशमार्ग काही पिकोमीटरच्या पातळीवर स्थिर राहायला हवा. वेबची नॅनोमीटरची अचूकता तिथे हजारपटीने अपुरी आहे, आणि जमिनीची रोजची थरथर त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे त्या दुर्बिणीतही, कारण वेगळे असले तरी, जे हवे ते जमिनीवर पुरतेपणी दाखवता येणार नाही असाच पेच आहे. मंजुरीआधी तंत्र पक्व करण्यावर वेळ आणि पैसा घालवा, असे त्याच अहवालाने सांगितले आहे. हा सल्ला पाळणे अवघड असते, कारण त्या वर्षांत दाखवायला एकही छायाचित्र नसते. तरीही तो पाळा.

पण ती दुर्बीण दूर-अवरक्ताची जागा घेणार नाही. तिथे आधी ‘प्रिमा’सारखी मर्यादित खर्चाची थंड दुर्बीण आणि तिच्या अनुभवावर उभी राहणारी मोठी, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. ५.९ मीटरचा आरसा ४.५ केल्विनवर ठेवणाऱ्या ‘ओरिजिन्स’ दुर्बिणीचा अभ्यास होऊन गेलेला आहे. तो कागद वाया जाऊ देऊ नका. लहान मोहिमेत ४.५ केल्विनचा आरसा घडवणाऱ्या, मोजणाऱ्या, कक्षात थंड करणाऱ्या माणसांची एक पिढी तयार होते. दूर-अवरक्ताचे संवेदक तर मोजक्या प्रयोगशाळांतच घडतात, त्यांना दुसरा गिऱ्हाईक नाही. दहा वर्षे मागणी आली नाही तर ती माणसे दुसरीकडे जातात, आणि हातातली कसबे अहवालात लिहून जपता येत नाहीत.

मंजुरी देणाऱ्यांना दोन गोष्टी स्पष्टपणे मागतो. चाचणीचा निधी वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि आरशाचा किंवा उपकरणांचा खर्च वाढला म्हणून तो तिकडे वळवू देऊ नका. आणि कमी आकडा सांगणाऱ्या प्रस्तावाला केवळ त्या आकड्यासाठी पसंती देऊ नका; त्यातला राखीव निधी किती आणि तो कोणत्या अनुभवावर ठरवला, ते विचारा. कमी सांगून मिळवलेल्या मंजुरीची किंमत बाकीच्या लहान मोहिमा फेडतात, हे वेबच्या काळात खगोलशास्त्राने सोसलेले आहे.

आखणी करणाऱ्यांकडे मागणे एकच. पहिल्या आराखड्यात एक प्रकरण असे असू द्या, ज्यात या दुर्बिणीच्या कोणत्या गोष्टी जमिनीवर तपासता येणार नाहीत ते नावानिशी लिहिलेले असेल. प्रत्येकीसमोर तिची हमी कशावर घेतली आहे ते असावे : लहान नमुन्यावर, गणितावर, आधीच्या मोहिमेवर, की नुसत्या विश्वासावर. आरशाचा व्यास बदलला की ही यादी कशी लांबते-आखडते, तेही तिथेच दाखवा. हे प्रकरण गोपनीय ठेवू नका. ते व्यासाच्या आकड्यासोबत, त्याच दिवशी जाहीर करा.

कळावे,
आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक